छोट्या डिस्टिलरीने स्पर्धांतल्या पदकांवर पैसे खर्च करावेत का?

डोंगरवाट:

नमस्कार. आम्ही तिघे पुण्याचे मित्र गेली ४ वर्षे गोव्यात एक छोटी जिन डिस्टिलरी चालवत आहोत. मद्य हा राज्यसूचीतला विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याचे परवाने, शुल्के आणि नियम निराळे असतात. आमच्या ऐपतीला त्यातल्या त्यात गोवा झेपणारा होता, म्हणून भट्टी तिकडे आणि घरे इकडे अशी विभागणी झाली. तांब्याचे एकच पात्र आहे, ३०० लिटरचे. धान्यापासून केलेले शुद्ध अल्कोहोल, ज्याला या धंद्यात सगळे ईएनए म्हणतात, ते आम्ही विकत घेतो आणि त्यात जुनिपर (जिनला तिचा मुख्य वास देणारे फळ), धणे, संत्र्याची साल, अँजेलिकाचे मूळ व कोकणातले जायफळ घालून त्याचे पुन्हा ऊर्ध्वपातन करतो. माल गोव्यात आणि पुण्यात जातो.

पुढच्या वर्षासाठी आम्ही थोडी रक्कम बाजूला काढली आहे आणि तिच्यावरून आमच्यात मतभेद आहेत. एका भागीदाराचे म्हणणे असे की, लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को येथील मोठ्या स्पर्धांत बाटली पाठवावी, कारण पदकाशिवाय आपल्याला कोणी ओळखणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, तेवढ्याच पैशांत पुण्यातल्या बारमध्ये फिरून लोकांना चव देणारा एक माणूस वर्षभर ठेवता येईल. स्पर्धेचा खर्च प्रवेशशुल्कावर थांबत नाही. नमुन्याच्या बाटल्या देशाबाहेर पाठवण्याची परवानगी, दारू न्यायला तयार होणारा वाहतूकदार, तिकडचे सीमाशुल्क आणि पदक मिळालेच तर त्याचे चित्र बाटलीवर लावण्याच्या हक्काचे वेगळे पैसे, असे सगळे त्यात येते.

मागच्या वर्षी आम्ही देशातल्याच एका स्पर्धेत भाग घेतला होता. नाव सांगत नाही. रौप्य मिळाले आणि आम्हाला मनापासून आनंद झाला. नंतर कळले की आमच्या ओळखीच्या ज्या ज्या मंडळींनी बाटली पाठवली होती, त्या प्रत्येकाला काही ना काही मिळाले होते. पुढे समारंभाच्या निमंत्रणाबरोबर टेबल विकत घेण्याचे दरपत्रकही आले. ते पदक आम्ही बाटलीवर लावले नाही. या अनुभवामुळे माझे मत गढूळ झाले आहे, म्हणून या धंद्यातल्या आणि धंद्याबाहेरच्या सगळ्यांचे म्हणणे ऐकायचे आहे.

काउंटरवरून:

आमचे वाइन शॉप आहे आणि काउंटरवर बसणारी मी तिसरी पिढी. पदकाचा उपयोग होतो का, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की, तो एकदाच होतो, पण त्या एकदाच होण्याला फार मोल आहे.

व्हिस्कीचे आणि रमचे गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच नाव ठरवून येते. जिनचे तसे नाही. जिन घ्यायला येणारी तरुण मंडळी फळीसमोर उभी राहून बाटल्या हातात घेतात, फिरवून वाचतात, एकमेकांना दाखवतात. एका किमतीच्या ४ बाटल्या शेजारी शेजारी असतील आणि एकीच्या गळ्यावर सोनेरी गोल असेल तर हात आधी तिकडे जातो, हे मी रोज पाहतो. मात्र तो गोल कुठल्या स्पर्धेचा, कुठल्या वर्षाचा, हे शंभरात एखादाच विचारतो. दुसरी बाटली घ्यायला माणूस येतो तो चवीमुळे येतो. तेव्हा गळ्याकडे कोणी बघत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. माझ्या फळीवर जागा मिळवायची तर आधी डिस्ट्रिब्युटरने तुमचा माल उचलला पाहिजे, आणि तो विचारतो की हा माल फिरेल कशावरून. दारूची जाहिरात करता येत नाही, मोठ्या कंपन्यांसारखी दहावर एक पेटी फुकट देण्याची स्कीम तुम्हाला परवडत नाही, मग त्याच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे काय आहे? पदक असले तर निदान बोलण्याला सुरुवात होते.

सदाशिव३०:

मी फक्त ग्राहक आहे. सोनेरी गोल पाहून एकदा बाटली घेतली होती. दुसऱ्यांदा घेतली नाही.

पाषाणकर:

मी संख्याशास्त्र शिकवतो. मद्याचा जाणकार नाही, पण परीक्षकांच्या निर्णयांवर झालेले एक काम या प्रश्नाच्या अगदी जवळचे आहे, म्हणून लिहितो.

कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांची स्वतःची छोटी वायनरी होती. आपल्या त्याच वाइनला एका स्पर्धेत सुवर्ण मिळते आणि दुसरीत काहीच मिळत नाही, हे कसे, असा प्रश्न त्यांना पडला. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत त्यांनी आयोजकांच्या संमतीने प्रयोग केला. परीक्षकांसमोर साधारण ३० पेले यायचे आणि त्यांतले ३ एकाच बाटलीतून ओतलेले असायचे. परीक्षकाला ते ठाऊक नसायचे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जेमतेम १० टक्के परीक्षकांना त्या तीनही पेल्यांना एकाच पदकाच्या पट्ट्यात ठेवता आले. बाकीच्यांनी तीच वाइन कधी वर नेली, कधी खाली आणली.

पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या १३ स्पर्धांचे निकाल एकत्र मांडले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइन होत्या. त्यांतल्या ४७ टक्के वाइनना कुठे ना कुठे सुवर्णपदक मिळाले होते, पण त्याच सुवर्णविजेत्यांपैकी ८४ टक्के वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत एकही पदक मिळाले नव्हते. याचा सरळ अर्थ असा की, पुरेशा स्पर्धांत पुरेशा वेळा बाटली पाठवली तर सुवर्ण मिळण्याची शक्यता चवीपेक्षा पाठवण्याच्या संख्येवर जास्त अवलंबून राहते. आणि जास्त वेळा पाठवणे कोणाला परवडते, ते मी सांगायला नको. लहान उत्पादकाला समान संधी म्हणून जी गोष्ट दाखवली जाते, ती प्रत्यक्षात मोठ्या खिशाच्या बाजूने झुकलेली आहे.

बर्फाचा_खडा:

पाषाणकरांनी दिलेले आकडे वाचून फारसे आश्चर्य वाटले नाही. मी ९ वर्षे पुण्यातल्या निरनिराळ्या बारमध्ये काम करते. सलग १२ जिन चाखल्यावर माझ्या जिभेची जी अवस्था होते ती मला ठाऊक आहे. ३० पेल्यांनंतर काय होत असेल याची कल्पना करता येते.

माझे म्हणणे वेगळे आहे. परीक्षक जिन नुसती चाखतात, फार तर पाणी घालून. माझ्या बारमध्ये येणाऱ्या माणसाच्या हातात ती टॉनिक आणि बर्फासह जाते. नुसती चाखताना सुंदर वाटणारी कितीतरी नाजूक जिन टॉनिकमध्ये पार बुडून जाते, आणि नुसती घेतल्यावर जरा उग्र वाटणारी, जुनिपर ठणठणीत असणारी जिन पेल्यात तळापर्यंत टिकते. त्यामुळे मी नवी बाटली निवडताना दोनच गोष्टी पाहते: ती टॉनिकमध्ये आणि लिंबाबरोबर कशी वागते, आणि ६० मिलीचा खर्च किती पडतो. पदक मी पाहत नाही, आणि माझ्या ओळखीचे बारटेंडरही पाहत नाहीत.

परंतु याच शहरातल्या मोठ्या हॉटेलांत खरेदीचा निर्णय बारटेंडर घेत नाही. तो खरेदी विभागातला माणूस घेतो. त्याने चव घेतलेली नसते आणि त्याला वरिष्ठांपुढे कागदावर कारण दाखवायचे असते. त्या कागदावर ‘लंडनच्या स्पर्धेत सुवर्ण’ हे तीन शब्द फार कामाचे ठरतात. मी स्वतः एका बाटलीसाठी हे शब्द लिहून दिले आहेत आणि ती बाटली यादीत आली आहे.

काउंटरवरून:

बर्फाचा_खडा यांच्याशी पूर्ण सहमत. ज्याने चाखलेले नाही, पण ज्याला निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यासाठी पदक असते. माझा डिस्ट्रिब्युटर याच जातीचा.

लंडननिवासी:

मूळचा कोथरूडचा, गेली बरीच वर्षे इथे मद्याच्या किरकोळ विक्रीत आहे. सगळ्या स्पर्धांना एका माळेत ओवणे मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लंडनची इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशन १९६९ पासून चालू आहे. नावे झाकून, गटवारीने, समितीपुढे पेले ठेवले जातात. गुणांचे पट्टे जाहीर असतात: ९५ पासून सुवर्ण, ९० ते ९४ रौप्य, ८५ ते ८९ कांस्य, आणि ९८ किंवा त्याहून जास्त मिळाले तर ‘गोल्ड आउटस्टँडिंग’. सॅन फ्रान्सिस्कोची स्पर्धा २००० साली सुरू झाली. तिथे समितीतल्या प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्रपणे सुवर्ण दिले तरच ‘डबल गोल्ड’ मिळते. हॉजसन यांचा पहिला अभ्यास एकेका परीक्षकाच्या सातत्याबद्दल होता. पाच जणांनी एकमताने दिलेला निर्णय एकाच्या लहरीपेक्षा नक्कीच भक्कम असतो. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, त्यात तथ्य आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घ्या. गोव्यातच तयार होणाऱ्या ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ या जिनला २०२० साली याच लंडनच्या स्पर्धेत ९८ गुण आणि गोल्ड आउटस्टँडिंग मिळाले. तोपर्यंत मी इथल्या ग्राहकाला भारतीय जिन म्हणून काही दाखवायला गेलो की तो नम्रपणे दुसरीकडे बघायचा. त्यानंतर निदान बाटली हातात घेऊ लागला. एका बाटलीच्या पदकाने शेजारच्या भारतीय बाटल्यांनाही उजेड मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल मला अभिमान आहे.

धागाकर्त्यांच्या मागच्या वर्षीच्या अनुभवाबद्दल वाईट वाटले. टेबल विकणारी स्पर्धा आणि गुणांचे पट्टे जाहीर करणारी स्पर्धा यांच्यात फरक करायला शिकणे, हाच त्यावर उपाय आहे. किती प्रवेशिका आल्या आणि किती पदके दिली, हे विचारा. जो आयोजक हे सांगायला तयार नसेल, त्याच्याकडे बाटली पाठवू नका.

पाषाणकर:

समितीचा मुद्दा योग्य आहे, परंतु दुसरा अभ्यास एकेका परीक्षकाचा नव्हता, तर १३ स्पर्धांच्या अंतिम निकालांचा होता, आणि ते निकाल समित्यांनीच दिलेले होते. तरीही त्यांच्यात मेळ नव्हता. हे काम वाइनवर झालेले आहे, जिनवर नाही, इतकी सूट मी देतो.

अमृततुल्य:

बंगळूरच्या ‘अमृत’ सिंगल माल्ट व्हिस्कीचे उदाहरण अजून कोणी कसे दिले नाही? पुरस्कार मिळाला आणि जगभर नाव झाले. ‘इंद्री’चेही तसेच. जगातली सर्वोत्तम व्हिस्की ठरली, हे प्रत्येक वर्तमानपत्रात आले होते.

लंडननिवासी:

दोन्ही उदाहरणांत थोडी दुरुस्ती हवी. ‘अमृत’ ऑगस्ट २००४ मध्ये ग्लासगोमध्ये आणली गेली, म्हणजे स्कॉचच्या माहेरघरात, आणि सुरुवातीची वर्षे कंपनीने तिथल्या बार-दुकानांत लोकांना चव देण्यात घालवली. जिम मरे या समीक्षकांनी आपल्या २०१० च्या वार्षिक ग्रंथात ‘अमृत फ्यूजन’ला जगातली तिसऱ्या क्रमांकाची उत्कृष्ट व्हिस्की म्हटले, त्यानंतर तिचे नाव झाले हे खरे, पण ते एका समीक्षकाचे मत होते, स्पर्धेचे पदक नव्हे. आणि त्या मताआधी पाच-सहा वर्षांची पायपीट होती.

हरियाणातल्या ‘इंद्री’च्या दिवाळी आवृत्तीला २०२३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ या स्पर्धेत ‘डबल गोल्ड बेस्ट इन शो’ मिळाले. म्हणजे त्या वर्षी त्या स्पर्धेत उतरलेल्या बाटल्यांत ती पहिली आली. हे यश मोठे आहेच. पण अशा ‘सर्वोत्तम’ व्हिस्की दरवर्षी निरनिराळ्या स्पर्धांतून अनेक निघतात, आणि बातमीत स्पर्धेचे नाव गळून फक्त ‘जगात पहिली’ एवढेच उरते.

अमृततुल्य:

माहितीबद्दल आभार. पाच-सहा वर्षांची पायपीट हा भाग मला खरोखर माहीत नव्हता.

तिरफळ:

मला एक शंका आहे आणि ती बरेच दिवस मनात आहे. परीक्षकांची जीभ कुठे वाढलेली असते? मी मालवणची, तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीवर वाढले. जिभेला येणारी ती हलकी झिणझिणी मला घरची वाटते. ज्याने तिरफळ कधी खाल्लेले नाही, त्याला तीच झिणझिणी दोष वाटू शकते. मग पदकाच्या आशेने आपले उत्पादक कोकम, तिरफळ, दगडफूल यांचे प्रमाण हळूहळू कमी करत जातील आणि शेवटी लंडनच्याच जिनची आणखी एक नक्कल गोव्यात तयार होईल, अशी भीती वाटते.

फेणीचे पाहा. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. ज्याने ती लहानपणापासून घरात हुंगली आहे त्याला तो वास सणासारखा वाटतो, आणि बाहेरचा माणूस पहिल्या घोटाला पेला खाली ठेवतो. तिला लंडनमध्ये किती गुण मिळतात, यावर तिची किंमत ठरावी का?

लंडननिवासी:

शंका रास्त आहे. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत परंपरागत लंडन ड्राय आणि नव्या धाटणीची जिन असे वेगळे गट असतात, त्यामुळे अनोळखी चव आपोआप बाद होत नाही. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये बंगालचे गोंधोराज लिंबू आहे आणि ते कुणी लपवलेले नाही. तरी फेणीबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. तिचे परीक्षण करणाऱ्याला आधी फेणी प्यायची सवय असली पाहिजे.

हिशेबनीस:

मी सनदी लेखापाल आहे आणि अशा दोन छोट्या उद्योगांचे हिशेब पाहतो. चवीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, पैशांबद्दल बोलतो.

धागाकर्त्यांनी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: शुल्क, कर, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार यांचा वाटा वजा जाता एका बाटलीमागे आपल्या हातात किती रुपये उरतात? स्पर्धेच्या एकूण खर्चाला त्या आकड्याने भागा. जितके उत्तर येईल तितक्या जास्तीच्या बाटल्या केवळ पदकामुळे विकल्या गेल्या, तर खर्च निघाला. ग्राहक जी किंमत मोजतो तिच्यातला लहानसा भागच उत्पादकाला मिळतो, त्यामुळे हा आकडा अंदाजापेक्षा बराच मोठा निघतो. माझ्या एका अशिलाचा निघाला तेव्हा खोलीत थोडा वेळ शांतता होती.

दुसरे, तेवढ्या बाटल्या तुम्ही तयार करू शकता का? एकच पात्र आहे. पदक मिळाले, मागणी आली आणि माल नाही, तर डिस्ट्रिब्युटर पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

तिसरे, लेबलवर पदक छापायचे तर लेबल बदलते, आणि लेबलला त्या त्या राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते. गोव्यात आणि महाराष्ट्रात विकत असाल तर हे काम दोनदा.

चौथी बाब मात्र पदकाच्या बाजूने आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ब्रिटिश व्हिस्की आणि जिनवरचे १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. आज तुमची बाटली आयात जिनपेक्षा स्वस्त आहे म्हणून घेतली जाते. ते अंतर कमी होत गेले की, ‘आम्हीही तितकेच चांगले’ हे तुम्हाला कशाने तरी दाखवावे लागेल.

डोंगरवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीसांच्या सूत्राने काल रात्री आकडा काढला. दोन परदेशी स्पर्धांचा खर्च भरून काढायला आमच्या सुमारे अडीच महिन्यांच्या विक्रीइतक्या जास्तीच्या बाटल्या विकाव्या लागतील. पाहून छातीत धस्स झाले.

तिरफळ यांच्या मुद्द्यावर: पहिल्या वर्षी आम्ही तिरफळ घालून दोन खेपा केल्या होत्या. नंतर काढून टाकले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आम्हालाच धीर झाला नाही. आता वाटते की घाई केली.

एक विचारायचे आहे. काही स्पर्धा गुणांबरोबर परीक्षकांचे अभिप्रायही पाठवतात. आमच्यासारख्यांना तोच खरा लाभ नाही का?

रसायनी:

बरेच दिवस वाचत होतो, आता लिहितो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकलो आणि साखर कारखान्यांच्या आसवन्यांत ३१ वर्षे काढली. आम्ही मळीपासून हजारो लिटर काढायचो, तुम्ही ३०० लिटरच्या पात्रावर बसता. पण वाफ दोघांची सारखीच वागते.

अभिप्राय उपयोगी असतो, परंतु तो दोन-तीन ओळींचा असतो आणि महिन्यांनी येतो. ‘शेवटी किंचित मातकट’ असे लिहून आले, तर तुम्हाला कोणत्या खेपेची बाटली पाठवली होती आणि त्या दिवशी पात्रातून येणारी धार कुठे तोडली होती, हे सांगता येईल का? वहीत नोंद असेल तर त्या ओळीचे सोने होते. नसेल तर ती नुसती ओळ राहते.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे उत्तम असा समज आहे. हातभट्टीवरच्या माणसाला ती कडक लागते म्हणून तो समज झाला. कारागीर मात्र धारेचे तीन भाग पाडतो आणि मधला ठेवतो. जिनमध्ये हे वासावरूनच कळते. सुरुवातीला लिंबूवर्गीय सालींचा हलका वास येतो, मग जुनिपर आणि धणे भरून येतात, आणि शेवटी मुळांचा मातकट, ओलसर वास चढू लागतो. तो चढण्याआधी धार तोडायची. पाच मिनिटे उशीर झाला की खेप बदलते. त्यात जुनिपर हे शेतातले पीक नाही. ते फळ झाडावर पिकायला दोन-तीन वर्षे घेते, आणि दर पोत्यात तेलाचे प्रमाण वेगळे असते. वजन तेच ठेवले तरी चव तीच राहील असे नाही.

म्हणून माझा प्रश्न पदकाच्या आधीचा आहे. स्पर्धेला तुम्ही जी बाटली पाठवाल, ती काउंटरवरून यांच्या फळीवर असलेल्या बाटलीसारखीच असेल का? निवडक खेपेची बाटली पाठवून मिळवलेले सुवर्ण हे त्या खेपेचे सुवर्ण असते. ग्राहक जेव्हा गोल पाहून दुसरीच खेप घरी नेतो, तेव्हा त्याची फसवणूक होते, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तपासायला लंडनला जावे लागत नाही. दोन खेपा घ्या. प्रत्येकापुढे तीन पेले ठेवा, त्यांतले दोन एका खेपेचे आणि एक दुसरीचा, आणि वेगळा कोणता एवढेच विचारा. याला त्रिकोण चाचणी म्हणतात. दोन्ही खेपा सारख्या असतील तर लोक अंदाजानेच सांगतील.

पाषाणकर:

रसायनी काका, उत्तम सूचना. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतो. १२ जण बसवले तर योगायोगाने साधारण ४ जण बरोबर सांगतील. ८ किंवा त्याहून जास्त जणांनी वेगळा पेला ओळखला, तर तो योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. पेल्यांवर अक्षरे न लिहिता तीन आकडी क्रमांक टाका, आणि प्रत्येकाला पेले निराळ्या क्रमाने द्या. मोजायला मी येतो.

बर्फाचा_खडा:

मी येते. सोमवारी सुट्टी असते. ज्यांचे वय २५ पूर्ण आहे आणि ज्यांच्याकडे परवाना आहे, त्यांनाच बसवा. जेवणाआधी चाखा, आणि त्या दिवशी कोणी अत्तर लावून येऊ नये.

सदाशिव३०:

चाचणी झाली तर निकाल कृपया इथेच लिहावा. असे धागे बहुधा मध्येच थांबतात.

डोंगरवाट:

उशीर झाला, क्षमस्व. काल सोमवारी चाचणी झाली. या धाग्यावरचे तिघे आणि बाहेरचे ९ असे १२ जण होते. आम्ही मार्चची आणि जुलैची खेप ठेवली होती, दोन्ही ४२.८ टक्क्यांच्या, दोन्ही एकाच लेबलखाली विकलेल्या. पाषाणकरांनी कागद गोळा केले, दोनदा मोजले आणि आकडा सांगितला: १२ पैकी ९ जणांनी वेगळा पेला बरोबर ओळखला.

रसायनी काकांनी जुलैच्या पेल्याचा वास घेऊन ‘धार उशिरा तोडली’ असे म्हटले. वही उघडली. जुलैत तोडण्याच्या वेळेची नोंदच नव्हती; त्या दिवशी वीज दोनदा गेली होती एवढेच लिहिले होते. जुनिपरचे पोतेही नवे होते.

या वर्षी कोणत्याही स्पर्धेत बाटली पाठवायची नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. ज्या भागीदाराचा पदकाचा आग्रह होता, त्यानेच हे आधी म्हटले. त्या रकमेतून पात्रावर चांगले तापमापक, प्रत्येक पोत्यातल्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी आणि उरलेल्या पैशांत पुण्यात चव देत फिरणारा माणूस, वर्षभर नाही जमला तरी सहा महिने. दर दोन महिन्यांनी ही चाचणी करायची, आणि सलग तीन वेळा १२ जणांना खेपा वेगळ्या ओळखता आल्या नाहीत की एकच बाटली, एकाच स्पर्धेत, लंडनला पाठवायची. ती दुकानातून विकत घेतलेली असेल. काउंटरवरून यांना विनंती आहे की फळीवरची कोणती बाटली, ते त्यांनीच निवडावे.

काउंटरवरून:

जरूर. पावती तुमच्या नावाने करीन.

तिरफळ:

आणि तिरफळाची खेप?

डोंगरवाट:

१० किलो तिरफळ मालवणहून मागवले आहे. पुढच्या चाचणीला तुम्ही याच.